मनकर्णाबाईंचा पहारा

समुद्रपूरजवळच्या त्या लहानशा गावात, विठ्ठलाच्या देवळात, दत्तजयंतीच्या सुमारास हरिनामाचा सप्ताह बसे. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, हा नियम. दोन-दोन तासांचा एकेक पहारा. पहारेकऱ्याने गळ्यात वीणा घालून नाम घेत उभं राहायचं आणि वेळ झाली की पुढच्याच्या गळ्यात घालायची. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडत, मग वयाने, मानाने कोणी कितीही लहान-मोठा असो. वीणा मात्र पुरुषांकडेच असे.

मनकर्णाबाई देवळाची झाडलोट करीत. विधवा, पन्नाशी ओलांडलेली, बोलणं मोजकं. सप्ताह आला की त्या वीणेच्या तारांखालची धूळ पदराने पुसून देत आणि बाजूला होत. ती वीणा एकदा आपल्या गळ्यात यावी, असं त्यांना लग्न होऊन गावात आल्यापासून वाटे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

चोपन्न सालच्या सप्ताहात, चौथ्या दिवशी, भर दुपारी सारा गाव कापूस वेचायला गेला होता. पहारा तरुण रूपरावचा होता. त्याला हिवताप भरला. दात वाजू लागले, गुडघे वाकू लागले.

"काकू," तो म्हणाला, "धरा हे."

"मी? बाईमानसाच्या गळ्यात वीणा कधी पाह्यली काय तू?"

"मी पडलो का वीणा बी पडते. मंग सप्ताह मोडला म्हून कोनाले सांगता?"

बाईंनी हात धुतले आणि मान पुढे केली. त्यांच्या गळ्यात वीणा घालून रूपराव सवयीनं त्यांच्या पाया पडला, कसाबसा देवळाच्या ओट्यावर गेला आणि घोंगडं पांघरून निजला.

बाई नाम घेऊ लागल्या. पहिली काही मिनिटं डोळ्यांतलं पाणी थांबेना. मग एकाएकी मनात भीती शिरली. इतक्या वर्षांची आपली हाव. तिच्यापायीच तर या पोराला ताप आला नसेल? देवाने दिलं, की आपण ओढून घेतलं? त्यांनी विठ्ठलाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, याचा ताप उतरव, मग मले काही नको.

दोन वाजता पुढच्या पहाऱ्याचे आनंदराव आले. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण मान तोच होता. ते दारातच थबकले.

"काऊन काकू, कोनं देल्ली वीणा तुमाले?"

"म्या देल्ली," घोंगड्यातून रूपराव म्हणाला. "खाली ठेवू काय मंग?"

वीणा घ्यायची तर आनंदरावांना झाडणाऱ्या बाईच्या पायावर डोकं ठेवावं लागणार होतं.

"मालक," बाई हळूच म्हणाल्या, "मले लई वर्सापासून हाव होती याची. पाप असन तं माह्यं हाय. रूपरावले बोलू नोका."

"हाव तुमाले हाय, काकू. मी तं पहाऱ्यात घड्याळच पाहत राह्यतो," आनंदराव म्हणाले.

त्यांनी पाय धुतले, आत आले, वीणा घेतली आणि वाकले. बाईही वाकल्या. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"उद्या रूपराव काही उभा राहत नाई," आनंदराव कपाळ चोळत म्हणाले. "त्याचा पहारा तुमीच धरजा."

बाई घरी गेल्या, गुळवेल ठेचली, काढा उकळला आणि गरम गरम पेला घेऊन ओट्यावर आल्या. रूपरावने घोंगड्यातून तोंड काढलं. त्याने सगळं ऐकलं होतं.

"काकू, ताप उतरला तं तुमचा पहारा जाईन ना."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "फुकर मार, अन पे."