आबांनी सोडलेल्या गोळ्या

आबांच्या पोटातला जंतू मेला नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला राग आला तो आबांचाच. आबा म्हणजे माझे वडील. लासुर्ण्यात ऊस करतात, वय सत्तरीच्या पुढं. वर्षभर पोट जळतंय म्हणून सोडा पीत राहिले आणि शौचाला काळं व्हायला लागल्यावर मला सांगितलं. बारामतीला दुर्बीण घालून तपासलं, तर जठरात जखम, आणि तिचं कारण हा जंतू. दोन अँटिबायोटिक, एक आम्लाची गोळी, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस.

आबांनी सहा दिवस घेतल्या. सातव्या दिवशी झणझणीत पिठलं खाऊनही दुखलं नाही, म्हणून उरलेल्या शेजारच्या तात्यांना देऊन टाकल्या. तात्यांचंही पोट दुखत होतं ना! आमच्या गावात एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याच्या घरी पोचते, विरजण पोचतं तशी. वर देणाऱ्याला पुण्य. हे पुण्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन महिन्यांत पुन्हा जळजळ, पुन्हा काळं, पुन्हा दुर्बीण. डॉक्टर शांतपणे समजावत होते. हा जंतू जठराच्या आम्लाला दाद देत नाही. स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करून घेतो आणि आतल्या चिकट थराखाली जाऊन बसतो. औषध तिथवर मुश्किलीनं पोचतं. पहिल्या काही दिवसांत बरेच मरतात म्हणून दुखणं थांबतं. चिवट असतात ते उरतात आणि तेच वाढतात. आधीच्या औषधांतलं एक आता लागू पडेल असं वाटत नाही, दुसरं द्यावं लागेल. तेही अर्धवट सोडलं आणि जखमेतून जास्त रक्त गेलं, तर या वयात जिवावर बेतेल.

बाहेर आल्या आल्या मी आबांना धारेवर धरलं. पंपात औषध कमी टाकलं म्हणून फवारणीच्या गड्याला दिवसभर बोलणारा हा माणूस! अर्ध्या मापानं कीड मरत नाही, उलट माजते, हे मला लहानपणी यांनीच शिकवलेलं. मग उसाला एक न्याय आणि स्वतःच्या पोटाला दुसरा का, असं मी चारचौघांत विचारलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"फवारायच्या औषधाचं माप डब्यावर लिवल्यालं असतंय," ते म्हणाले. "तू म्हनलीस, दोन टाइम घ्या. कुठवर घ्यायच्या, ते कुठं सांगितलंस? दुखायचं थांबलं, मी बी थांबलो."

मी बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवते. अर्धवट औषधानं जंतू कसे निर्ढावतात, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. पहिल्या तपासणीच्या वेळी आबा बाहेर बाकावर बसले होते. चौदा दिवसांचं डॉक्टरांनी सांगितलं ते मला. चिठ्ठी माझ्याच पर्समध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी मला इंदापूरला एका लग्नाला पोचायचं होतं. लासुर्ण्याच्या फाट्यावर आबा उन्हात वाट बघत उभे होते. मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही. काच खाली करून गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पुढं निघाले.