सुताराच्या मुलानं केलेलं मखर

आमचं गणपतीचं मखर डावीकडे कललेलं आहे आणि ते मी आजवर कुणाला सरळ करू दिलेलं नाही.

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत माझा साहेब स्कॉटिश होता. सगळे त्याला नुसतं मॅक म्हणायचे. एकदा चहा घेताना त्यानं सांगितलं, आडनावातलं मॅक म्हणजे मुलगा आणि पुढचा भाग म्हणजे सुतार. मी लगेच त्याला मखर करायला महबूला भागातल्या आमच्या फ्लॅटवर बोलावलं. आडनावावरून माणसाचं काम ठरवायची आपली खोड कुवेतला गेल्यानं थोडीच सुटते?

तो मोठ्या हौसेनं नवी करवत घेऊन आला. तासाभरात मखराचा एक खांब आखूड झाला आणि साहेबाच्या अंगठ्यावर हातोडी बसली.

बायको मला म्हणाली, "अहो, वैद्य आडनाव लावता ना? मग बांधा पट्टी."

रक्त बघून मला घेरी आली. साहेबानं स्वतःची पट्टी स्वतःच बांधली, मला पाणी पाजलं, बायकोकडून वैद्य म्हणजे काय ते समजून घेतलं आणि हसू दाबत विचारलं, "तुमच्या घराण्यात शेवटचा वैद्य कोण?"

मी पडल्या पडल्या पणजोबांपर्यंत आठवून पाहिलं. तेसुद्धा पोस्टात होते.