दोन आलूबोंडे खाऊन दिलेला होकार

त्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसून धानाचे दाणे मोजत होतो. पेरणीच्या आधी दरवर्षीचं हे काम. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर रांगेनं लावायचे, गुंडाळी करून माठाजवळ सावलीत ठेवायची आणि पाच-सहा दिवसांनी उघडून पाहायचं. चांगले उगवले तर ते बियाणं पेरायचं. नाही उगवले तर थैली दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन आपटायची.

मोजायचं काम बायकोचं. मी चौथी शिकलो आणि ती एक वर्गही नाही, पण मोजण्यात कधी चुकली नाही. मी मुद्दाम मध्ये बोलायचो.

"नातीचं काय करावं म्हणतो मी?"

"बासष्ट. काय म्हणजे?"

"दोन जागी चाललं आहे ना तिचं. थे खाजगी विद्यापीठ आजच या म्हणते. सरकारी कॉलेजची यादी लागाचीच आहे."

"त्रेसष्ट. मंग पाहून या."

"मले काय समजते त्यातलं?"

तिनं हात थांबवला. "पोरगी देतो तवा घर पाहतोच ना आपण? तसंच पाहजा. समोरून नाई, मांगून. सांडपाणी कुठं जाते, शेजारीण काय म्हणते, थे पाहजा. अना पाहाच्या आधी कोणाचा चहा घेऊ नका."

"कॉलेजात कोण चहा देते वो?"

"गिऱ्हाइक पायजे असन तर देतेत," ती म्हणाली. "चौसष्ट."

हे आमचं शेवटचं साधं बोलणं. रात्री जेवलो, झोपलो. सकाळी गाईला चारा टाकून आलो तरी ती उठली नव्हती. डॉक्टरनं येऊन हात धरला आणि सोडला. झोपेतच गेली म्हणे, त्रास झाला नसेल म्हणे. त्याला काय माहीत. मी बाजूच्या खाटेवर होतो आणि मला माहीत नाही.

बारदान्याची गुंडाळी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. तेरवीच्या दिवशी माठ हलवताना सुनेला सापडली. दाणे उगवून मुळ्या तागाच्या विणीत शिरल्या होत्या. एकही सुटा होईना. सून म्हणाली, फेकते. मी म्हटलं, राहू दे. त्या वर्षी बियाणं न पाहताच पेरलं.

मला नातीबद्दल सांगायचं आहे. ती माझ्या एकुलत्या एका पोराची मुलगी. पोरगा वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं आहे, रोज मोटारसायकलनं जातो-येतो. नातीला कम्प्युटरचं शिकायचं होतं. खाजगी विद्यापीठ कम्प्युटरच देत होतं, पण चार वर्षांची फी अशी की कर्जाशिवाय भरणं नाही. सरकारीची फी आम्हाला झेपणारी, पण तिथं कम्प्युटर मिळेल की दुसरं काही, ते यादी लागल्यावरच कळणार. आणि यादी लागेपर्यंत खाजगीवाले थांबायला तयार नव्हते. तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन. सीट जाईल, सीट जाईल. जशी काही बसमधली सीट.

पोराला सुट्टी नव्हती. कर्जाला माझी जमीन गहाण लागणार होती म्हणून मीच नातीला घेऊन गेलो. लाखनीहून बस धरली, नागपूरच्या अलीकडं उतरलो.

काय सांगू. फाटकापासून इमारतीपर्यंत हिरवळ, आणि त्या हिरवळीवर एक जनावर नाही. आत गार हवा. गादीच्या खुर्चीवर बसवलं. एक मुलगी आली, आमच्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. 'आजोबा, आजोबा' करत राहिली. पांढऱ्या बशीत गरम आलूबोंडे आणले, हिरवी चटणी, वर चहा.

खरं तेच लिहितो. बायको गेल्यापासून मी घास नीट गिळला नव्हता. घरात जो तो मला खा म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडं पाहायचा. इथं कोणी तोंडाकडं पाहिलं नाही. त्या मुलीला मी कोण, माझ्या घरात काय झालं, काही माहीत नव्हतं. मी एक आलूबोंडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. चहा पिऊन बशीत सांडलेलाही प्यालो. बशी खाली ठेवली तेव्हा मला आठवलं, बायको काय म्हणाली होती ते.

आमच्याकडच्या जुन्या लोकांत एक रीत आहे. पोरीसाठी घर पाहायला गेलं आणि मनात नसलं, तर पाण्यापलीकडं काही तोंडात घालायचं नाही. नाश्ता खाल्ला की होकार दिला असं समजतात. खाऊन मग नाही म्हणणं म्हणजे त्या घराची अब्रू काढणं. मी आयुष्यात कोणाची अशी अब्रू काढली नाही.

ती मुलगी म्हणाली, "मग आजोबा, आपलं पक्कं समजायचं ना?"

मी नातीकडं पाहिलंसुद्धा नाही. "पक्कं समजा," म्हटलं.

पोरानं फोनवरून थोडे पैसे भरले. बसमध्ये नात खिडकीबाहेर पाहत राहिली. मी विचारलं, "बरं वाटलं ना कॉलेज?" ती म्हणाली, "तुमाले बरं वाटलं ना, आबाजी?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

तेव्हापासून माझा पाय घरात ठरेना. सकाळी बांधावर जायचो, तिथून तलावाच्या पाळीवर, तिथून परत. पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, एकसारखे आले नव्हते, कुठं दाट, कुठं टक्कल. रोवणीच्या बाया म्हणाल्या, औंदा बियाणं पाहिलं नाई का बुढ्यानं? त्यातल्या एकीनं तिला कोपरानं ढोसलं. मी घरी आलो. घरात आलो की पुन्हा बाहेर जावंसं वाटे. बसलो की उठावंसं वाटे. जेवायला बसलो की त्या बशीतला आलूबोंडा दिसे.

लाखनीला बँकेत दोनदा गेलो. पहिल्यांदा साहेब जेवायला गेला होता. दुसऱ्यांदा भेटला. माणूस सरळ होता, कागद माझ्याकडं फिरवून बोट ठेवून सांगितलं. शिकणं झाल्यावर हप्ते सुरू.

"अना व्याज?" मी विचारलं.

"व्याज पैसे उचलले त्या दिवसापासून लागतं, बाबा."

"म्हणजे पोरगी वर्गात बसली आहे, अना तिकडं व्याज चालून राहिलं?"

"तसंच म्हणा."

"नोकरी नाई लागली तर?"

"हप्ता तर येईलच," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मुलीला विचारलं का तुम्ही?"

मी म्हटलं, "तिचंच तर चाललं आहे." पण रस्त्यानं येताना ते डोक्यातून जाईना. मी तिला विचारलं नव्हतं. पोरानं विचारलं नव्हतं. तो म्हणायचा, बाबा पाहून आले, त्यांनी हो म्हटलं, आता काय विचारायचं. बायको असती तर तिनं विचारलं असतं. ती काही न विचारता विचारायची. पोरीच्या केसांना तेल लावता लावता सगळं काढून घ्यायची. मला केसांना तेल लावता येत नाही.

मग सरकारीची यादी लागली. नातीला जागा मिळाली, पण कम्प्युटरची नाही, विजेची. दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं होतं. खाजगीवाल्यांनीही तेवढ्यातच कर्जाचे कागद मागितले. पोरगा रात्रपाळी करून आला होता, म्हणाला, "बाबा, कम्प्युटर सोडून वीज कायले घ्याची? तुमी तर जबान देऊन आले." नातीला म्हटलं, चाल, थे दुसरं तर पाहून येऊ. पाहाले काय जाते?

या वेळी बायकोच्या रीतीनं गेलो. मोठ्या फाटकातून गेलोच नाही. भिंतीला वळसा घालून मुलींच्या वसतिगृहाच्या मागं गेलो, जिथं खरकटं टाकतात. नात लाजून मरत होती. "आबाजी, समोर हापिस आहे ना." मी म्हटलं, "हापिस पळून नाई जात."

स्वयंपाकघराच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिची बोली ऐकली आणि विचारलं, कुठली बाई तू? तुमसरकडची निघाली, आंबागडच्या पायथ्याची. मी तिथंच पायरीवर बसलो. विचारलं, "पोरी जेवतेत का पोटभर?"

"जेवतेत. वरण पातळ रायते म्हणून बोंबलतेत, पण जेवतेत."

"पानी?"

"उन्हाऱ्यात कमी. आंगोळीले रांग लागते."

"शिकवतेत का?"

"थे मले काय माहीत, बाबा. पण पोरी रातच्यानं इथं भात संपला तरी बसून वाचतेत. नोकऱ्या लागल्या की पेढे आणून देतेत. माह्या पोराले शुगर होऊन राहिली पेढ्यानं."

नात हसली. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा. भिंतींना ओल होती, एका खोलीच्या पंख्याला दोनच पाती होती. हेही पाहिलं. बाईनं चहा विचारला. मी म्हटलं, पाणी दे.

घरी आलो. संध्याकाळी मी अंगणात त्याच जागी बसलो, नात समोर येऊन बसली. पोरगा दारात उभा होता.

मी म्हटलं, "तुले काय वाटते, सांग."

"तुमी तिकडं हो म्हटलं आहे ना."

"मी काहून हो म्हटलं, थे माहीत आहे का तुले?"

"तुमाले आवडलं म्हणून."

"मी त्यांचे दोन आलूबोंडे खाल्ले," मी म्हटलं. "खाल्ल्यावर नाई कसं म्हणू?"

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "आबाजी, आलूबोंड्यापायी?"

"अना चहा."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग चिडली. म्हणाली, "मी गप्प बसली काहून? आजी गेल्यापासून तुमी पहिल्यांदा तिथं काही खाल्लं. मले वाटलं तुमाले थे कॉलेज लय आवडलं. मी कशी मोडता घालू? त्यांनी दिलेला हप्त्याचा कागद मी तिथंच वाचला होता. मी नोकरीले लागाच्या आधीच बँकेची नोकर होऊन जाईन, आबाजी. मले कम्प्युटर पायजे, पण असं नाई पायजे."

पोरगा दारातून म्हणाला, "मंग वीज?"

"वीज," ती म्हणाली. "कम्प्युटर काय विजेशिवाय चालते?"

पोरगा पुढं आला. मोबाइल काढून तिच्या हातात दिला, घे भर म्हणाला. सरकारीचं तिनं तिथंच भरलं.

राहिला माझा होकार. आमच्याकडं नकार कधी स्वतः जाऊन देत नाहीत, मधल्या माणसाच्या हातून पाठवतात. नात्यातल्या किती पोरींच्या वेळी ते काम माझ्या बायकोनं केलं. कुणाच्या दारात ती नकार घेऊन गेली आणि तिथून शिव्या खाऊन आली असं झालं नाही. पोरगा म्हणाला, "फोनवर सांगून देऊ, बाबा." पण ज्याचं खाल्लं त्याला फोनवर नाही म्हणणं मला जमत नाही. आणि पाठवायला आता मधलं माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या हंगामाचा तांदूळ पायलीनं मोजून पिशवीत भरला, जेवढं खाल्लं त्याच्या वर. बसनं गेलो. तीच मुलगी होती. पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "तुमचं खाल्लं होतं, थे फेडून राहिलो. पोरगी देत नाई." तिला आधी समजलं नाही. मग समजलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. भरलेल्या पैशांचं काय होईल ते कागद पाहून सांगते म्हणाली. चहा मागवू का, विचारलं. मी नको म्हटलं.

बाहेर हायवेला एक टपरी होती. तिथं पैसे देऊन एक आलूबोंडा घेतला आणि उभ्यानंच खाल्ला. तिखट होता. मग लाखनीची बस धरली.