पहिला वार पट्ट्याचा

रविवारची दुपार. उर्मिलानं खिडकीला चादर लावली आहे आणि चादरीतून गाळून आलेलं ऊन पातळ ताकासारखं भिंतीवर सांडलं आहे. झोप काही एकदम येत नाही. आधी पायांना येते, मग कमरेला, मग हातांना, आणि डोकं तेवढं एकटंच जागं राहतं, जत्रेत चुकलेल्या म्हाताऱ्यासारखं. त्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे: तुळा मेली की जगली?

तुळा ही हाडामांसाची बाई नव्हे. ती खेळातली. टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत वावरतात, आणि अडेल तिथं फासा टाकून निकाल लागतो. नियमांचं जाडजूड पुस्तक परदेशातलं. पण कोल्हापूरच्या पोरांना तिकडचे ड्रॅगन आणि लांब तलवारी किती दिवस पुरणार? धैर्यशीलनं त्यात आपले गड घातले, आपली भुतं घातली, वाघनखं घातली, दांडपट्टा घातला. गोष्ट सांगणारा तोच, निकाल देणारा तोच. आणि तुळा उर्मिलाची: डोंगरातली पैलवान बाई, हातात साधी काठीसुद्धा न घेणारी.

शेवटच्या डावात तुळा गडाच्या दारात हैबत पट्टेकऱ्यासमोर उभी होती. उर्मिला म्हणाली, मी आत शिरते आणि त्याचा दंड धरते. धैर्यशील म्हणाला, मोकळ्या हातानं शस्त्रावर चालून जाणाऱ्यावर आधी वार होतो, आणि वार बसला की पकड होत नाही. पकड झाली नाही तर अर्धमेली तुळा पट्ट्यासमोर उघडी, म्हणजे पुढच्या फेरीत खलास. उर्मिलाचं म्हणणं, पट्ट्याला असा आगाऊ वार मिळतच नाही. शब्दाला शब्द लागला, तिनं फासा टाकू दिला नाही, चपला घातल्या आणि निघून आली. त्याच आठवड्यात धैर्यशीलला डेंग्यू झाला आणि तो दवाखान्यातून परत आला नाही.

आज संध्याकाळी तो अडलेला डाव पुरा करायचा आहे. झीनत, त्यांच्यातली सगळ्यांत समजूतदार, म्हणाली की आता धैर्यशीलच्या खुर्चीत उर्मिलानंच बसावं, नियम तिलाच पाठ आहेत. म्हणजे तुळेचा निकाल उर्मिलाच देणार. वादी तीच, न्यायाधीश तीच.

"ऊठ माझ्या खुर्चीतून."

ती खुर्चीत बसलेली आहे. पलंग कधी सुटला ते तिला कळत नाही. समोर टेबल आहे, टेबलापलीकडं धैर्यशील उभा आहे. तोच मळका काळा टी-शर्ट, हाताच्या पाठीवर सलाईनची चिकटपट्टी अजून तशीच. चेहरा मात्र जिवंतपणी कधी नव्हता इतका कडू. त्याला बघून तिला रडू यायला हवं होतं. येतो तो राग.

ती म्हणते, खुर्ची प्लास्टिकची आहे, तुझ्या आज्ज्यानं मिळवलेली जहागीर नव्हे.

"मी मेलो म्हणून निकाल फिरवणार होय?"

"तू मेलास म्हणून तुझा निकाल देवाचा होतो होय?"

तो हसतो. करवंटीवर करवंटी घासावी तसं हसू. मग तो तिला टोचायला लागतो. म्हणे, पैलवान बाई! चपलेचा अंगठा तुटला तर रिक्षा करणारी तू, आणि पट्ट्याला दंड धरायच्या गोष्टी करतेस. म्हणे, मी असतो तर तोंड उघडलं नसतंस. ती म्हणते, तू होतास तेव्हाच उघडलं होतं, आणि तेव्हा तुझ्याकडं उत्तर नव्हतं, नुसता आवाज होता.

भांडताना टेबलाचे पाय हळूहळू खाली जातात. फरशी मऊ झाली आहे. फरशी कुठली, ती तालमीतली तांबडी माती आहे, ताक आणि तेल मुरवलेली, आणि तिचा आंबूस वास नाकात बसतो. कोनाड्यात मारुती आहे, पण तो पाठ करून उभा आहे. खुर्ची नाही, टेबल नाही. उर्मिला अनवाणी आहे.

ती त्याला समजावत नाही, सुनावते. पट्टा म्हणजे तलवार नव्हे रे. पातं लोखंडी बाहीला जोडलेलं, बाहीत कोपरापर्यंत हात कोंडलेला, मनगट मेलेलं. सगळा जोर खांद्यातून. लांबून तो पट्टेकरी म्हणजे वावटळ. पण छातीला छाती लागली की नळीत हात अडकलेला माणूस, बस्स. अशाला आगाऊ वार कसला?

"कुठल्या पानावर आहे?"

ती सांगते, पानावर नाही, कारण पट्टा पुस्तकात नाहीच, तो तू घातलास. आणि घालताना एकच नियम सांगितलास, की पट्टा हातातून निसटत नाही.

"मग तेवढाच नियम," तो म्हणतो. त्याच्या उजव्या हातावर लोखंडी बाही चढत जाते. चिकटपट्टी गिळते, मनगट गिळते, कोपराशी थांबते. पातं लांब, पातळ, गवताच्या पात्यासारखं लवणारं. तो एक फेर घेतो. मातीवर कुणीतरी लिंबू ठेवलेलं आहे, त्याचे दोन भाग होतात आणि वास सुटतो. "तोंडानं बोलून पकड होत नाही. ये की. ये, बघू."

लहानपणापासून उर्मिलानं कुणावर हात उगारलेला नाही. पण तुळेनं उगारला आहे, कितीदा, आणि तुळेचे पाय तिला ठाऊक आहेत. ती गुडघे वाकवते. पातं डावीकडून येतं, उजवीकडून येतं, वाऱ्याला शिवण घालत येतं. दोन टाक्यांच्या मधे जागा आहे. ती आत शिरते.

वार बसतो.

दुखत नाही. हातावरून गार पाण्याची धार जावी, एवढंच. पण बसतो, आणि तो बसल्याचं तिला कळतं, आणि त्यालाही कळतं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची चमक येते.

ती थांबत नाही. दोन्ही हातांनी त्याचा दंड धरते, कोपराच्या वर, जिथं लोखंड संपतं आणि माणूस सुरू होतो. छाती छातीला लागते. लांब पातं तिच्या पाठीमागं हवेत हलत राहतं, वासराच्या शेपटीसारखं. तो ओढतो. सुटत नाही. मूठ उघडायला बघतो, पण मूठ बाहीच्या आत कोंडलेली.

"सोड."

"निसटत नाही म्हणालास न्हवं? ते तुलाही लागू."

तो शिव्या देतो. अशा शिव्या त्यानं तिला कधी दिल्या नव्हत्या. ती ऐकून घेते आणि पकड वर सरकवते. त्याच्या अंगाला ऊब नाही, घाम नाही, साबणाचा वास तेवढा आहे, परका, दवाखान्यातला. दंड आणखी बारीक झाला आहे. पायांना काहीतरी लागतं. पाणी. माती कुठं गेली? ही पंचगंगेच्या घाटाची पायरी आहे, आणि पाणी घोट्याशी आलेलं आहे. लांबवर कुणी धुणं आपटतं आहे, आवाज उशिरा येतो.

"धरलेल्याला हलता येत नाही, धरणारा सोडेपर्यंत," तो म्हणतो. आवाज अजून कडवटच. "हा तरी नियम मान्य आहे का तुला? का हाही फिरवणार? मला जायचंय, उर्मे."

तिला हा नियम पाठ आहे. पकडीतला स्वतःहून सुटायला झटू शकतो, फासा टाकू शकतो. त्याच्याकडं फासा नाही. त्याच्याकडं आता काहीच नाही, एक लोखंडी हात आणि तोंड. सोडायचं ते तिनंच. दंड धरला तर पाणी चढतं, दंड सोडला तर माणूस जातो.

पाणी गुडघ्याला लागतं.

"वार बसला," ती म्हणते. दातओठ खाऊन म्हणते, पण म्हणते. "पहिला वार तुझा. तो मी मानते."

तो हात पुन्हा ओढून बघतो.

"आणि पकड? बसला वार, तरी झाली की नाही?"

तो पाण्याकडं बघतो. मारुतीसारखी त्यालाही पाठ फिरवायची आहे, पण ती फिरवू देत नाही. बोराची आठळी थुंकावी तसा तो शब्द टाकतो.

"झाली."

ती बोटं उघडते. एकेक करून उघडावी लागतात, करंगळी सगळ्यांत शेवटी. तो पायऱ्या उतरायला लागतो. पट्ट्याचं टोक पाण्यावर रेघ ओढत जातं आणि रेघ मिटत जाते. तिला वाटतं आता तरी वळेल, एखादा बरा शब्द बोलेल.

"त्या खुर्चीचा मागचा पाय कच्चा आहे," तो न वळता म्हणतो. "पडशील. हसतील सगळे."

"उर्मी. ए उर्मी, ऊठ की."

झीनत पलंगाशी वाकून तिला हलवते आहे. सगळे जमलेत, चहा गार व्हायला लागलाय, उर्मिलाची आई म्हणाली पोरगी आज उठतच नाही. चादरीमागचं ऊन पिवळं झालं आहे. उर्मिला उठून बसते, आणि झीनत तिचा डावा हात उजेडाकडं वळवते.

मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक लाल रेघ आहे. सरळ, जशी दोरा धरून ओढलेली. टोकाला थेंब जमतो आहे.

झीनत विचारते, मांजरानं ओरबाडलं काय? या घरात मांजर नाही, हे तिलाही माहीत आहे. उर्मिला थेंबावर बोट टेकवते. बोट लाल होतं.

"फासे मांडून ठेव," ती म्हणते. "हैबतच्या वाराला फासा टाकायचा नाही. तो बसलाय." ती बाही वर सारते, रेघ तशीच उघडी ठेवते आणि पाय जमिनीला लावते. "वार बसला तरी पकड होऊ शकते. पकडीला तेवढा फासा टाकू."