चुकलात!

वर्तकनगरच्या टर्फवर आमच्या फुटबॉल लीगचा ड्राफ्ट होता. कॅप्टन पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात, आणि प्रत्येक टीमला पन्नाशीपुढचा एक काका घ्यावाच लागतो. आम्ही सपोर्टर बाकावर बसलेलो. माझ्या बाजूला एक अनोळखी काका, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून.

आमच्या कॅप्टनने स्ट्रायकर घेतला, तर काकांनी कपाळावर हात मारला. "चुकलात! अरे, आधी गोलकीपर घे ना!"

त्याने गोलकीपर घेतला.

"चुकलात! हा बॉल आल्यावर आधी चष्मा शोधतो."

मी लगेच त्यांची नक्कल केली, कपाळावरच्या हातासकट. पोरं लोळली. काकापण हसले, पिशवी मात्र सोडली नाही.

मग पन्नाशीवाल्यांची निवड सुरू झाली आणि हे एकदम गप्प. एकेक काका उचलला जात होता, तशी यांची पिशवीवरची पकड आणखी घट्ट होत होती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. यादीत हेपण होते!

शेवटची निवड आमची. उरलेले दोघंच, हे आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा.

"अरे, हे माझ्या बाजूचे काका घे!" मी ओरडलो. कॅप्टनने घेतले.

"बोला काका, आता चुकलो का?" मी विचारलं.

"साफ चुकलात," ते म्हणाले. पिशवीतले बूट तोवर पायात गेलेले.