जुन्या पिकअपचा एसी

बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा उन्हाळा तापायला लागला होता. आठवड्यातून दोनदा मंठ्याहून जालन्याला जायचं. आमची पिकअप जुनी, शेताच्या कामासाठी घेतलेली. एसीचं बटन होतं, पण ते दाबलं की धुळीच्या वासाची गरम हवा तोंडावर यायची. डॉक्टरांनी बायकोचं पाणी मापात आणलेलं. वाटूर येईस्तोवर तिचे ओठ सुकायचे. काच खाली घेतली तर झळा, वर घेतली तर भट्टी. ती तक्रार करायची नाही. ओला रुमाल ओठांवर धरून बसायची.

दवाखान्याजवळ एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. वयस्कर माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी गॅस भरून दिला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, मग हवा पुन्हा गरम. परत गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून पाइपांच्या जोडांना साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडा आला नाही.

"मंग गॅस जातो कुठं?" मी विचारलं.

"आतली कूलिंग कॉइल लीक असंल. पुरा डॅशबोर्ड उतरवा लागंल."

"संध्याकाळपर्यंत होईल का? तिला घेऊन जायचंय."

"जुनी गाडी हाय. खोलल्याबिगर काय सांगू?"

पुढच्या खेपेला बायकोला मशीनवर लावलं आणि गाडी त्यांच्याकडे नेली. पहाटे उठून स्वयंपाक, मग तिचं आवरणं, मग गाडी चालवणं. अंगात त्राण नव्हतं. एका टायरवर बसून राहिलो. एकेक स्क्रू निघत गेला. शेवटी चाचांनी कॉइल बाहेर काढली. तिच्या एका कोपऱ्यात तेलकट ओल आणि त्यावर मातीचा थर. गळती तिथेच होती. त्यांनी नवी कॉइल आणून ठेवली होती, पण लावायला गेले तर नळ्यांची तोंडं जुळेनात. दुसऱ्या मॉडेलची आली होती.

"बदलून आणतो," ते म्हणाले. "आज तशीच न्या."

बायको बाहेर आली आणि गाडीत बसली. समोर डॅशबोर्ड नाही, नुसत्या वायरी लोंबत होत्या. मला वाटलं, आता रडते की काय. तिने पाय थोडे आखडून घेतले.

"ओ, ही वायर पायात येऊन राह्यली."

मी वायर सुतळीने बांधली. गाडी तशीच मंठ्यापर्यंत आणली.

पुढच्या वेळी बरोबर कॉइल बसली. चाचांनी पंप लावून पाइपांतली हवा ओढून घेतली, गॅस भरला, माझा हात धरून डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीसमोर नेला. गार झोत होता. मी आधीच एसी लावून गाडी दवाखान्याच्या दारात आणली. बायको बसली आणि लगेच शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"बंद करा ओ. थंडी वाजून राह्यली."

डायलिसिसनंतर तिला थंडी वाजते, हे मला ठाऊक होतं. इतक्या खटपटीत ध्यानात राहिलं नव्हतं. एसी बंद केला. काचाही वर घेतल्या आणि घामाने भिजत घरी आलो. राग आला नाही. रागवायला लागतं तेवढंही बळ उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या फेरीला जाताना एसी लावला. गाव मागे पडायच्या आत तिची मान खिडकीकडे कलली. वाटूर गेलं, तरी ती जागी झाली नाही. दवाखान्यासमोर मी गाडी सावलीत लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि डोळे मिटले. काचेवर टकटक झाली. दारावरचा वॉचमन होता.

"नंबर आलाय त्यांचा."

"थोडं थांबा म्हणावं," मी हळूच म्हणालो. "आत्ता कुठं झोप लागलीय तिला."

त्याने आत डोकावून पाहिलं आणि परत गेला.