फिलोमिना मावशींची साक्ष मी बदलली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, शेजारच्या बेडवर झोपणाऱ्या रूममेटला नाही. कन्फेशनमध्ये सांगितलं — पण कसं? "फादर, मी एकदा खोटं बोलले." बस्स. सगळेच बोलतात, तसलं एक खोटं. फादरांनी प्रार्थना करायला सांगितली, मी केली, बाहेर येऊन चहा प्यायले. याला सांगणं म्हणतात का? दुसऱ्या कोणी मला असलं उत्तर दिलं असतं, तर मी ते ऐकून घेतलं असतं का?

नसतं. मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. वसईत कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. विहिरी उपसून टँकर भरणाऱ्यांविरुद्ध, शेतात रात्रीतून भराव टाकणाऱ्यांविरुद्ध. पत्रक कसं लिहायचं ते मला पाठ होतं — वर अन्याय, मध्ये पुरावा, खाली विजय. विजय झाला नसला तर "होणारच" म्हणून लिहायचं, ठळक अक्षरांत. लोकांच्या लक्षात शेवटची ओळ राहते, असं आम्हाला शिकवलं होतं. दुबईला आले आणि पत्रकं बंद झाली. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मी फ्लॅट विकणाऱ्यांसाठी ब्रोशर लिहिते. तळ्याकाठचं स्वप्न, वगैरे. हात शिवशिवायचे.

शुक्रवारी चर्चच्या आवारात आमच्या मराठी मंडळींची प्रार्थनासभा असते. मल्याळी गायकवृंद उठला की हॉल आम्हाला, आणि फिलिपिनो ग्रुप दारात येऊन उभा राहिला की खलास. त्या मधल्या वेळात भजन, वचन आणि साक्ष. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. व्हिसा झाला, नोकरी लागली, पोटातली गाठ विरली. मला त्यांतल्या निम्म्या साक्षी फुगवलेल्या वाटायच्या आणि मी तसं तोंडावर बोलायचे. देवाच्या नावाने थापा मारायची लाज कशी वाटत नाही, असं! लोक मला टरकून असत. मला ते आवडायचं.

ईस्टरच्या आधी रिट्रीट होतं, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर. सभेचे पुढारी व्हॅलेरियनदादा, त्यांचं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेज आहे, मला म्हणाले, "जेसी, सगळ्यांच्या चुका काढतेस ना? मग साक्षींचं पत्रक तूच काढ. 'टिकणारा आनंद' नाव दे. यल्ला, कामाला लाग."

मी लागले. चर्चच्या फादरांना मराठी येत नाही. आनंदाविषयी आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. हो फादर. मग ठीक. फक्त आवाराबाहेर वाटायचं नाही, इथला कायदा आहे. म्हणजे माझं लिखाण तपासणारं कोणीच नव्हतं.

पहिली साक्ष फिलोमिना मावशींची घ्यायची ठरली, कारण सभेत सगळ्यांत आनंदी बाई म्हणजे त्या. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात त्या हाउसकीपिंगला आहेत. शेरीन, त्यांची मुलगी, शाळेत जायच्या वयाची असताना तिला नणंदेकडे ठेवून त्या इकडे आल्या. आता शेरीन मोठी झाली आहे, वसईतच राहते आणि आईचा फोन उचलत नाही. मला गरज होती तेव्हा तू नव्हतीस, आता मला तुझी गरज नाही — असं तिने एकदा सांगून टाकलं, त्यानंतर काही नाही. हे सगळं मावशींनीच मला सांगितलं, आवारातल्या बाकावर बसून, डब्यातली पोळी माझ्यापुढे करत.

"मग आनंद कसला, मावशी?" मी विचारलं. जरा तोडूनच.

"अगं पोरी, तेच तर मला पण कळत नाही," त्या हसल्या. "चादर घालताना गाणं येतं तोंडात. चादरीला सुरकुती राहिली तर सुपरवायझर प्रकट होतो, आणि गाणं थांबलं तर मला वाटतं येशू प्रकट होईल, विचारेल — काय गं, बंद का केलंस? शेरीन फोन नाही उचलत. मी रोज लावते. रोज रडू येतं. आणि त्या रडण्याच्या खाली तो आनंद असतो, जागचा हलत नाही. असंच लिही."

असंच लिही, म्हणाल्या. स्पष्ट शब्दांत.

मी लिहायला बसले आणि मला राग आला. खरंच राग आला — त्यांचा. हे काय पत्रक झालं? अन्याय आहे, पुरावा आहे, विजय कुठे आहे? मुलगी बोलत नाही आणि बाई गाते, यातून वाचणाऱ्याने घ्यायचं काय? म्हणून मी शेवट बदलला. मावशींनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना केली, आणि नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी शेरीनचा फोन आला, "आई, मी तुला माफ केलं" म्हणाली — असं लिहिलं. ठळक अक्षरांत. लोकांच्या फुगवलेल्या साक्षींवर तोंडसुख घेणारी मी! लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. इथवरचं मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. तरुण होते, जोशात होते, लोकांनी समजून घेतलं असतं. याच्या पुढचं आहे ना — तिथे जीभ जड होते.

पत्रक रिट्रीटमध्ये वाटलं; ते आवाराबाहेर न्यायचं नव्हतं. नेलं नाहीच कोणी. फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर वसईला पाठवला. आमच्या लोकांना एवढं साधं कळणार नाही असं मला का वाटलं? संध्याकाळपर्यंत तो शेरीनच्या गावातल्या ग्रुपवर होता. लोक तिला भेटून अभिनंदन करायला लागले. आईला माफ केलंस, केवढं मोठं मन! तिने मावशींना एकच मेसेज केला. माझं नाव वापरून तू चर्चमध्ये टाळ्या मिळवल्यास, असा. आणि नंबर ब्लॉक केला. आधी निदान रिंग तरी वाजायची.

पुढच्या शुक्रवारी मावशी हॉलमध्ये माझ्याजवळ आल्या. व्हॅलेरियनदादा होते, आणखी दोघी-तिघी होत्या. मावशी चिडल्या नव्हत्या. गोंधळल्या होत्या. "जेसी, मी असं सांगितलं होतं का गं तुला? शेरीनचा फोन आला असं?"

आणि मी म्हणाले, "हो मावशी. तुम्हीच म्हणालात. विसरलात का?"

हेच ते. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी चूक झाली म्हणू शकले असते. छपाईवर ढकलू शकले असते, तेही यापेक्षा बरं होतं. मी एका बाईच्या डोळ्यांत बघून तिची आठवण तिच्यापासून काढून घेतली. का? सभेत खोटारड्यांना फैलावर घेणारी मीच खोटारडी ठरले असते म्हणून. दुसरं कारण नाही.  मावशी हळू म्हणाल्या, "म्हणाले असेन बाई. मनात तेच असतं ना सारखं. सुटलं असेल तोंडातून." आणि साक्षीच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि न बोललेल्या खोट्याबद्दल त्यांनी सगळ्या सभेची माफी मागितली. मी पुढच्याच रांगेत होते. मान डोलावली मी — कोणाला तरी मोठ्या मनाने माफ करावं तशी.

मला वाटलं, आता त्या यायच्या बंद होतील. खरं सांगू? तशी आशाच होती. त्या आल्या. त्यांना साक्ष द्यायला पुन्हा कोणी बोलावलं नाही, पण चटया घालायला, कप धुवायला त्या होत्या, आणि गात होत्या. मी कित्येक महिने त्यांच्यातली फट शोधत होते. आनंद दिखाऊ असता तर माझं ओझं उतरलं असतं ना! फट सापडली नाही. कप धुताना त्यांना रडतानाही मी पाहिलं आहे, आणि त्याच हाताने डोळे पुसून पुढचं कडवं म्हणताना.

मग काय झालं ते मला नीट मांडता येत नाही, आणि मांडता न येणं मला सवयीचं नाही. वाद घालणाऱ्याला शेवटी कंटाळा येतो, तेवढंच म्हणा. एका आराधनेला मी मागे बसले होते. माझ्याकडे प्रभूला सांगण्यासारखं काहीच नव्हतं — ना मागणी, ना तक्रार. आणि तिथे, काहीही जिंकलेलं नसताना, आनंद झाला. मोठा नव्हे. घरात कोणीतरी आहे हे कळल्यावर होतो तेवढा. तो गेला नाही. ऑफिसात माझं प्रमोशन दुसऱ्याला गेलं, तेव्हा मी भांडले — कडाडून — आणि भांडून खाली उतरताना लिफ्टमध्ये गुणगुणत होते. आजही आहे. मी सुखी आहे. माझ्यासारखीला तो का मिळाला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मावशींनी सांगितलं होतं तसाच आहे — शब्दन् शब्द तसाच. म्हणजे त्यांची साक्ष खरी होती आणि मी ती खोडून वर माझं खोटं लिहिलं होतं, हे आता मला पुस्तकी नव्हे, आतून माहीत आहे. या आनंदात बसून ते लपवता येत नाही. मी करून पाहिलं.

मावशींचं हॉटेलातलं काम या महिन्यात संपतंय. त्या कायमच्या वसईला निघाल्या आहेत. शेरीन राहते त्याच गावात, जिथे लोक त्यांना टाळ्यांसाठी लेकीचं नाव वापरणारी बाई म्हणून ओळखतात. हे छापायला देण्याआधी मी त्यांना शुक्रवारी वाचून दाखवणार आहे, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. त्या काय म्हणतील माहीत नाही. काही म्हणाव्यात अशी अपेक्षाही नाही.

ज्यांच्या फोनवर ते पत्रक आलं होतं, त्यांच्यासाठी खरं काय ते लिहिते. शेरीनचा फोन आला नव्हता. आला असं फिलोमिना मावशींनी कोणालाही, कधीही सांगितलेलं नाही. मुलगी बोलत नाही, रोज रडू येतं, आणि तरी मी आनंदात आहे, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकीचं मी लिहिलं. त्यांनी विचारलं तेव्हा 'तुम्हीच म्हणालात' असं मी तोंडावर खोटं सांगितलं. मला पूर्ण आठवत होतं.